न विचारता केलेला साल्सा

अननस सोलताना घरात दुसरं माणूस असावं, असं माझं आता अनुभवाने मत झालं आहे. एकाने अननस धरावा आणि दुसऱ्याने सुरी. मी दोन्ही एकट्याने धरलं, त्यामुळे पहिली जखम शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाली. वेळ एवढी नेमकी सांगतो आहे, कारण चौतीस वर्षं मी सरकारी मोजणी खात्यात काढली आणि जे घडलं ते वेळेसकट लिहून ठेवायची सवय हाताला लागली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती सवय काही गेलेली नाही.

पण अननसाआधी अट सांगायला हवी. आमची ही, म्हणजे शालन, शाळेत विज्ञान शिकवायची आणि गेल्या वर्षी तीही निवृत्त झाली. तिची अमरावतीच्या कॉलेजातली मैत्रीण मुक्ताई गावंडे मेळघाटात मुलींची निवासी शाळा चालवते. तिथल्या विज्ञानाच्या बाई नोकरी सोडून गेल्या. दुसऱ्या मिळेपर्यंत, जूनअखेरपासून दिवाळीपर्यंत, शालनने येऊन शिकवावं असं मुक्ताईने तिला फोनवर विचारलं. फोन ठेवल्यावर शालन बराच वेळ गॅलरीत उभी होती. निवृत्तीनंतर तिचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. मग ती आत आली, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला.

"चार महिने तुम्ही जेवणार काय?" ती म्हणाली.

प्रश्न रास्त होता. बाहेरचं मला चालत नाही, हे मी लग्न झाल्यापासून चारचौघांत अभिमानाने सांगत आलो आहे. डबा लावायचा म्हटलं की मला आधीच जळजळायला लागतं. स्वयंपाकाला बाई ठेवायचा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्ही बायका माझ्यामुळे गेल्या. त्यातल्या एकीच्या पोळ्या मी फूटपट्टीने मोजल्या, असं शालन लोकांना सांगते. हे साफ खोटं आहे. मी त्या नुसत्या नजरेने मोजल्या होत्या, आणि फरक जवळजवळ दीड सेंटिमीटरचा होता.

मुक्ताई पुढच्या रविवारी भाचीकडे पुण्याला येणार होती आणि दुपारी जेवायला आमच्याकडे. तेव्हा तिला काय ते कळवायचं होतं. शालनने दोन दिवस विचार केला आणि अट घातली. रविवारी मुक्ताईच्या पानात मी एक पदार्थ वाढायचा. कुठलाही चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेला आणि कोणालाही न विचारता केलेला. जमला तर ती मेळघाटात जाणार, कारण न विचारता एक जमलं तर दुसरंही जमेल. नाही जमला तर विषय बंद. मी तत्काळ होकार दिला. प्रश्न इभ्रतीचा होता. ती खरोखर गेली तर पुढे काय, हा विचार मी त्या वेळी केला नाही.

पदार्थ निवडताना मी एकच निकष लावला, तो म्हणजे गॅस पेटवावा लागू नये. फोनवर शोधता शोधता एक परदेशी बाई सापडल्या. त्यांनी तीन मिनिटांत आंबा, अननस, डाळिंबाचे दाणे, कांदा, मिरची आणि कोथिंबीर एकत्र करून वर लिंबू पिळलं आणि त्याला फळांचा साल्सा म्हटलं. सगळं करताना त्या हसत होत्या. मी शालनला जाहीर केलं की रविवारी साल्सा होईल. तिने साहित्य ऐकून घेतलं आणि म्हणाली की म्हणजे कोशिंबीर. मी म्हटलं, कोशिंबीर नव्हे, साल्सा. तिने बरं म्हटलं. पुण्यात तीस वर्षं राहून तिला ते इथलं 'बरं' उत्तम जमायला लागलं आहे.

आता 'कोणालाही न विचारता' याचा अर्थ काय, यावर मी बराच विचार केला. विचारायचं नाही हे उघड आहे, पण न विचारता कोणी सांगितलं तर? आमच्या खात्यात याचं उत्तर स्पष्ट होतं. मोजणी चालू असताना शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून काहीही सांगो, ते कानाआड करायचं आणि साखळी धरायची. मीही तेच ठरवलं. मागितलेला सल्ला नाही, आणि आलेला सल्लाही नाही. हा निर्णय किती महागात पडणार होता, याची कल्पना मला गुरुवारी मंडईत आली.

मंडईत आंबेवाल्याने विचारलं, कधी खायचाय? पुण्यात आंबेवाले हे विचारतातच आणि तुम्ही दिवस सांगितलात की त्या दिवसाचा आंबा काढून देतात. मला शुक्रवारी गुपचूप रंगीत तालीम करायची होती आणि रविवारी खरा प्रयोग. पण दोन दिवस सांगितले असते तर संभाषण वाढलं असतं, आणि संभाषण वाढलं की सल्ला आलाच. म्हणून मी 'उद्या' एवढंच सांगितलं आणि डझनभर हापूस घेतला. कशाला हवाय, त्याने पुढे विचारलं. बारीक फोडी करायला, मी म्हटलं. तेव्हा त्याने हात थांबवला आणि म्हणाला की मग तोतापुरी घ्या, हापूसच्या कसल्या फोडी होतायत, हाताला रस लागेल. हा सल्ला होता. तोतापुरीकडे न बघता मी हापूस पिशवीत टाकले. त्याने शेजारच्या लिंबूवाल्याकडे पाहिलं आणि लिंबूवाल्याने माझ्याकडे. पुढचं सगळं मी कोणाशी न बोलता बोटाने दाखवून घेतलं.

परत येताना कोथरूडच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. पिशवीत दोन अननस होते आणि त्यातल्या एकाचा तुरा बाहेर आला होता. पुढच्या सीटवरचे गृहस्थ डेक्कनपर्यंत मान चोळत होते. डेक्कनला त्यांनी मागे वळून अननसाचं तिकीट काढलं आहे का, असं अत्यंत शांतपणे विचारलं. मी पिशवी उलट धरली. त्यामुळे आंबे वर जायला हवे होते, पण ते अननसाखाली गेले. हे मला घरी आल्यावर कळलं.

शुक्रवारी दहा वाजता शालन तिच्याबरोबर टेकडीवर फिरायला येणाऱ्या बायकांसोबत कुठलंसं प्रदर्शन बघायला गेली. ती एक वाजता येणार होती. दहा वीसला जखम झाली, हे सांगितलंच. पट्टी बांधून मी आंब्यांकडे वळलो. त्या बाईंनी अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी करा असं म्हटलं होतं. मी स्टीलची पट्टी धुऊन घेतली आणि पहिल्या आंब्याच्या एक्केचाळीस फोडी केल्या. त्याला पंचवीस मिनिटं लागली. एक्केचाळिसावी कापेपर्यंत पहिल्या वीस एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि आता त्यांना हद्द उरलेली नव्हती. तिथून पुढे मी पट्टी बाजूला ठेवली.

मग कपाचा प्रश्न आला. एक कप आंबा, एक कप अननस, पाव कप कांदा, असं प्रमाण होतं. आमच्याकडे चहाचे कप तीन आकारांचे आहेत. शिवाय निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने दिलेला एक मग आहे, ज्यात शालन आता कपडे धुण्याचा सोडा ठेवते. बाई परदेशी, तेव्हा कपही परदेशी, म्हणजे मोठा, असा मी हिशोब केला आणि तो मग धुऊन घेतला. शिवाय तीन माणसांसाठी म्हणून सगळं तिप्पट केलं. ते प्रमाण मुळात सहा माणसांचं होतं हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं, आणि तिथपर्यंत मी पाहिलं नव्हतं. सगळं मिसळल्यावर आमचं लापशीचं मोठं पातेलं भरलं. मीठ मी सुरुवातीलाच घातलं होतं, म्हणजे विसरायला नको. साखरही घातली, कारण बाईंनी मध घातला होता आणि आमच्याकडचा मध खोकल्यासाठी राखून ठेवलेला असतो. साडेबारापर्यंत पातेल्यात फळं कमी आणि पाणी जास्त झालं. आंब्याचा रस, अननसाचा रस, कांद्याचा वास आणि वर तरंगणारी कोथिंबीर. याच सुमारास मी मिरचीचा हात डोळ्याला लावला, पण त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

शालन यायला अर्धा तास होता. एवढं सगळं टाकून द्यावं तर कुठे? ओला कचरा आमच्या सोसायटीत मागच्या खड्ड्यात जातो आणि त्या खड्ड्याचे सर्वाधिकार सेक्रेटरी महिपतराव सबनीस यांच्याकडे आहेत. मी पातेलं झाकून खाली नेलं. सबनीसांनी झाकण उचलून पाहिलं, वास घेतला आणि मला खड्ड्याशेजारची पाटी वाचायला सांगितली. पाटीवर लिहिलं होतं की लिंबूवर्गीय, कांदा, मिरची, मीठ घातलेलं अन्न आणि पातळ पदार्थ खड्ड्यात टाकू नयेत, गांडुळांना त्रास होतो. माझ्या पातेल्यात पाचही होते. अपवाद करता येईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले की लेखी अर्ज करा, समिती शनिवारी बसते. अर्जात पदार्थाचं नाव लिहा. मी साल्सा म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मी स्वतः आयुष्यभर लोकांना लेखी अर्ज करा म्हणत आलो, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं. सांडपाण्याच्या पाइपात ओतावं तर मागच्याच महिन्यात चोकअप झाला होता आणि त्याचं कारण आमचा मजला ठरला होता. शेवटी मी कपाटातले सहा स्टीलचे डबे काढले, भरले आणि जिन्यात सहा दारं वाजवली. चाखून बघा, नवीन पदार्थ आहे, असं प्रत्येकाला सांगितलं. चव कशी आहे ते मात्र सांगू नका, ही विनंतीही प्रत्येकाला केली. आमच्या सोसायटीत ही विनंती कोणी मान्य करील अशी माझी अपेक्षा का होती, ते आता आठवत नाही. समोरच्या चैतालीताईंनी दारातच झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "काका, कोशिंबिरीला मीठ शेवटी घालायचं असतं. आधी घातलं की पाणी सुटतं." मी ऐकलं नाही असं दाखवून जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर नम्रता राहते. ती कंपनीचं काम घरूनच करते. तिने कानातलं फोनचं यंत्र काढून चमचाभर खाल्लं आणि म्हणाली, "काका, बेस मस्त आहे, फक्त आंबा खूप सॉफ्ट आहे. कैरी ट्राय करा ना थोडी." सबनीसांनाही मी एक डबा दिला. त्यांनी तो पावती दिल्यासारखा गंभीरपणे घेतला. एक वाजता पातेलं घासून पालथं होतं आणि मी पेपर वाचत होतो. शालनने माझ्या बोटाच्या पट्टीकडे आणि लाल डोळ्याकडे पाहिलं, मग पालथ्या पातेल्याकडे पाहिलं आणि ती पानं घ्यायला गेली.

रविवारी सकाळी आठला मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. शालनने स्वतःचा वरण-भात, पोळ्या, भाजी आधीच उरकून घेतली होती. ती बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघराकडे पाठ करून बसली आणि अट म्हणजे अट, म्हणून एकदाही मान वळवली नाही. 'उद्या'चे आंबे परवाचे झाले होते. सुरी लागायच्या आधीच ते बोटांखाली दबत होते. दुसरा अननस मात्र रक्त न सांडता निघाला, हे नोंदवायला हवं. साडेनऊपर्यंत सगळं चिरून परातीत तयार होतं आणि मी मिठाचा डबा हातात घेतला.

इथे मी थांबलो. मीठ शेवटी घालायचं, हे मला आता माहीत होतं. पण ते मला चैतालीताईंनी सांगितलं होतं. ते वापरलं तर पदार्थ न विचारता केलेला कसा म्हणायचा? नियमाप्रमाणे मीठ आत्ताच घालायला हवं होतं. मी तसं मनाशी पक्कं केलं आणि चमचा भरला. आणि मग तो हातात धरून बराच वेळ उभा राहिलो, कारण नियम कोणाच्या सोयीचा आहे हे मला स्पष्ट दिसत होतं. मीठ आत्ता घातलं तर पाणी सुटेल. पाणी सुटलं तर पदार्थ फसेल. पदार्थ फसला तर शालन घरी राहील. माझ्या तत्त्वात आणि माझ्या सोयीत चमचाभराचंही अंतर नव्हतं. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. सकाळी उठल्यावर घरात तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाज नसेल, या विचाराने मी पहिल्या दिवसापासून रात्री जागा राहत होतो आणि ते मी आम्लपित्तावर ढकलत होतो. मी मीठ घातलं. साडेअकरापर्यंत पाणी सुटलं.

साडेअकरालाच बेल वाजली. दारात चैतालीताई होत्या आणि त्यांच्या हातात आमचा डबा होता. शालनने दार उघडलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. निदान चार वड्या, नाहीतर चिमूटभर साखर तरी घालून देतात. ही रीत मी जन्मापासून बघतो आहे, पण डबे परत करायचं काम मी कधी केलेलं नसल्यामुळे ती माझ्या हिशोबात नव्हती. चैतालीताईंनी डब्यात कोशिंबीर घातली होती. काकांना दाखवायला म्हणून, नीट केलेली, मीठ शेवटी. शालनने आभार मानले आणि डबा ओट्यावर ठेवला. पुन्हा बेल वाजली. साडेबारापर्यंत सहाही डबे आले आणि सहाही भरलेले. प्रत्येकाने माझा साल्सा दुरुस्त करून पाठवला होता. एकाने दही घातलं होतं, एकाने दाण्याचं कूट, आणि पाचव्या मजल्यावरच्यांनी तर हिंग-मोहरीची फोडणीच दिली होती. नम्रताने आंबा काढून कैरी आणि भाजलेलं जिरं घातलं होतं आणि त्यात थेंबभरही पाणी नव्हतं. सबनीसांच्या डब्यात आंब्याऐवजी द्राक्षं होती आणि झाकणाला चिठ्ठी चिकटवली होती. 'डबा धुतलेला आहे. आपला अर्ज समितीने नामंजूर केला आहे.'

शालनने सहा डबे ओट्यावर ओळीने लावले.

"पातेलं घासलेलं दिसलं तेव्हाच मला शंका आली होती," ती म्हणाली.

मला वाटलं आता बोलणी बसतील. पण पाहुणी यायची वेळ झाली होती आणि पाहुण्यांसमोर दुसऱ्याचे डबे ठेवत नाहीत. तिने सेटमधल्या सात सारख्या वाट्या काढल्या, सहांत शेजाऱ्यांचं आणि सातवीत माझं वाढलं आणि सातही टेबलाच्या मध्ये मांडल्या. माझी कुठली हे सांगावं लागावं असं काही नव्हतं, कारण तिच्यातलं पाणी काठापर्यंत आलं होतं. पण ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळावं.

मुक्ताई एकला आली. साठीची, खादीची साडी, आवाज मोठा. वऱ्हाड सोडून ती कधी कुठे राहिलेली नाही, आणि तिला कशाचाही बाऊ करायची सवय नाही. हात धुऊन बसली, वाट्या मोजल्या आणि म्हणाली, "बाप्पा, भाऊजी, हे सातही तुम्ही केलं काय?" शालनने तिला अट फोनवर सांगितलेली होती. एकच माझा, बाकीचं शेजारून आलेलं, असं शालनने सांगितलं. कुठला माझा, ते तिने सांगितलं नाही. ती पोळीचा डबा उघडत होती आणि तिचं लक्ष पोळ्यांकडे आहे असं कोणालाही वाटलं असतं.

"मग तुमचा कोन्ता?" मुक्ताईने मला विचारलं.

चौतीस वर्षं मी बांधाचे दगड मोजले. दोन्हीकडच्या मंडळींनी काय काय सांगितलं, काय काय देऊ केलं, आणि मी एकही दगड बोटभर सरकवला नाही. याचा मला गर्व आहे, हे लपवत नाही. या टेबलावर तर खरं सांगणं फारच सोपं होतं. काठापर्यंत पाणी आलेल्या वाटीकडे बोट दाखवायचं, एवढंच. कोणी मला बोल लावू शकलं नसतं. मी प्रामाणिक ठरलो असतो आणि शालनही घरी राहिली असती. मी टेबलाकडे पाहिलं. शालन पोळी वाढत होती आणि तिचा हात ताटाच्या वर एक क्षण थांबला होता. त्या दिवशी गॅलरीतून आत येताना तिचा चेहरा जसा झाला होता तसाच तो आत्ता होता. कुठलंही उत्तर आलं तरी चालेल, असं दाखवणारा. मी नम्रताच्या वाटीकडे बोट दाखवलं.

मुक्ताईने चमचाभर घेतलं. मग आणखी एक घेतलं. "हे तुम्ही केलं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

मुक्ताईने वाटी शालनकडे सरकवली. शालनने चमचा घेतला आणि सावकाश चव पाहिली. कैरीचा तुकडा तिच्या दाताखाली फुटलेला मला ऐकू आला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली. मुक्ताईने तेवढ्यावर विषय संपवला आणि शाळा सव्वीस जूनला उघडते, चोवीसला निघ, असं सांगून भाताकडे वळली. मग त्या दोघी मेळघाटातल्या मुलींबद्दल, प्रयोगशाळेत नसलेल्या काचेच्या नळ्यांबद्दल आणि पावसात बंद होणाऱ्या रस्त्यांबद्दल बोलत राहिल्या. शालन मध्येच हसत होती. मी तीन पोळ्या खाल्ल्या, त्या कशाशी खाल्ल्या ते आठवत नाही.

चारला मुक्ताईला रिक्षात बसवून आम्ही वर आलो. शालन भांडी घासायला लागली आणि मी पुसायला उभा राहिलो. हे काम मी सहसा करत नाही. सहा वाट्या रिकाम्या होत्या. सातवी, माझी, तशीच होती. ती फेकून देईल असं मला वाटलं, आणि मी सबनीसांच्या पाटीची आठवण करून देणार होतो. पण तिने वाटी उचलली, चमचा घेतला आणि ओट्याशी उभी राहून खायला लागली. आंब्याचा लगदा, अननस, सगळं. शेवटी वाटी तोंडाला लावून पाणीही प्यायली. वाया कशाला घालवायचं, असं म्हणाली. त्या वाटीत काय होतं ते मला माहीत होतं, त्यामुळे मला तिच्याकडे बघवेना.

"कैरी तुम्ही आणलीच नव्हती," वाटी घासायला घेत ती म्हणाली.

मी हातातलं ताट पुसत राहिलो.

"तेहतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललात माझ्यासमोर."

"दुसऱ्यांदा," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. "पहिलं कधी?"

"मुक्ताईचा फोन आला त्या दिवशी. तू गेलीस तर मला काही फरक पडत नाही, असं म्हणालो होतो."

तिने नळ पुन्हा सोडला. वाटी तिने विसळली, पुन्हा विसळली आणि माझ्या हातात पुसायला दिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आता तिसरं रोज बोलावं लागेल. रात्री मी फोन करीन तेव्हा. जेवलात का म्हणून विचारीन."

मी बरं म्हटलं आणि वाटी पुसून फळीवर ठेवली.